झाकली मूठ आणि चाहत्यांच्या गोष्टी

डिसेंबर 2013 मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये 'शेरलॉक' मालिकेच्या तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग प्रसारणाआधीच दाखवण्यात आला. सोबत कलाकारांशी गप्पा होत्या. मंचावर होम्स झालेला बेनेडिक्ट कंबरबॅच आणि वॉटसन झालेला मार्टिन फ्रीमन. सूत्रसंचालन करणाऱ्या स्तंभलेखिका केटलिन मोरन यांनी दोघांच्या हातात एक मजकूर दिला आणि मोठ्याने वाचायला लावला. होम्स आणि वॉटसन यांच्यातल्या प्रेमसंबंधांवर कुणा चाहत्याने लिहिलेला तो बराच शृंगारिक मजकूर होता. हेतू एवढाच की चार घटका हशा पिकावा. नट अवघडले, समोर बसलेले चाहतेही अवघडले. ज्याने तो लिहिला होता त्याला कुणी विचारलेसुद्धा नव्हते.

गंमत अशी की ज्या मालिकेच्या मंचावर हे घडले, ती मालिकाच आर्थर कॉनन डॉयलच्या दोन कट्टर चाहत्यांनी रचलेली. स्टीव्हन मोफॅट आणि मार्क गेटिस यांनी होम्सला उचलून एकविसाव्या शतकात आणून बसवले, त्याच्या हातात मोबाइल दिला आणि त्याचे पुरस्कार घेतले. डॉयलचा स्वामित्वहक्क ब्रिटनमध्ये संपला होता आणि पाठीशी बीबीसी होती, म्हणून ती 'निर्मिती' ठरली. वाचून दाखवलेला मजकूर मात्र 'फॅन फिक्शन', म्हणून त्याचे हसे.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे आणि त्याचेच जग घेऊन, पैशाची अपेक्षा न ठेवता, आपल्यासारख्याच वेड्यांसाठी लिहिलेली गोष्ट म्हणजे फॅन फिक्शन. लिहिणारे तिला नुसते 'फिक' म्हणतात. मूळ कादंबरीत मेलेला तिथे जगतो, ज्यांचे जमले नाही त्यांचे जमते, खलनायकाची बाजू कुणीतरी ऐकून घेते. लिहिणाऱ्यांत बायका आणि मुली फार मोठ्या संख्येने, आणि बहुतेकींची नावे टोपण. नोकरीच्या ठिकाणी, सासरी-माहेरी हे कळू नये अशी अनेकींची इच्छा असते आणि त्यात गैर काही नाही.

हा वाद नेहमी 'लेखक विरुद्ध चाहते' असा मांडला जातो. मला तो तसा दिसत नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांतली एकेक ठिणगी पाहत गेलो तर लेखक आणि चाहते यांच्यात एक न बोललेला समझोता आढळतो: तुम्ही दाखवू नका, आम्ही बघत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडते बहुतेक वेळा तिसऱ्याच्याच हाताने. कधी वारस, कधी वकील, कधी प्रकाशक, पत्रकार, प्राध्यापक, आणि अलीकडे यंत्र.

डॉयलचेच पाहा. होम्सचा त्याला वीट आला होता आणि 1893 मध्ये त्याने त्याला धबधब्याच्या दरीत ढकलूनही दिले होते. पुढे अमेरिकन नट विल्यम जिलेट याने होम्सवर नाटक रचायला घेतले आणि तार करून विचारले, की होम्सचे लग्न लावले तर चालेल का? डॉयलचे उत्तर प्रसिद्ध आहे: लग्न लावा, खून करा, काय वाटेल ते करा. त्याचा मित्र जे. एम. बॅरी, म्हणजे 'पीटर पॅन'चा कर्ता, याने होम्सवर एक विडंबन लिहून त्याला भेट दिले, तर डॉयलने ते आपल्या आत्मचरित्रात कौतुकाने छापले. रोनाल्ड नॉक्स याने 1911 मध्ये होम्सच्या कथांतल्या विसंगती धर्मग्रंथाच्या टीकाकाराच्या गांभीर्याने उकलून दाखवल्या, तेव्हाही डॉयलला मौजच वाटली.

डॉयल 1930 मध्ये गेला आणि वातावरण बदलले. 1944 मध्ये एलरी क्वीन यांनी होम्सवरच्या विडंबनांचा आणि अनुकरणकथांचा एक संग्रह काढला. वारसांनी हरकत घेतली आणि तो बाजारातून काढून घ्यावा लागला. पुढे सत्तर वर्षांनी, 2014 मध्ये, अमेरिकेच्या अपील न्यायालयात न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांनी निकाल दिला की होम्सच्या जुन्या कथा मुक्त झाल्या आहेत, सबब ते पात्रही मुक्त आहे. हक्क उरला तो शेवटच्या दहा कथांत नव्याने आलेल्या तपशिलांवर. ज्यासाठी फी लागत नाही त्यासाठी फी मागायची या वारसांच्या पद्धतीला त्यांनी खंडणीच्या पंक्तीला बसवले. जिवंत लेखकापेक्षा मेलेल्याचे वारस अधिक सोवळे पाळतात, हा अनुभव आपल्याकडच्या प्रकाशकांनाही अगदीच परका नसावा.

उलट बाजूचा जुना दाखला सर्व्हान्टेसचा. 'डॉन किहोते'चा पहिला भाग 1605 मध्ये आला आणि तुफान गाजला. दुसरा भाग लिहून होत होता तोच 1614 मध्ये अवेयानेदा असे टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी त्याचा परस्पर 'दुसरा भाग' छापून टाकला, वर प्रस्तावनेत मूळ लेखकाच्या म्हातारपणाची टिंगलही केली. सर्व्हान्टेसने सूड उगवला तो कादंबरीतच. 1615 च्या खऱ्या दुसऱ्या भागात किहोतेला त्या खोट्या पुस्तकाची खबर लागते. खोटा किहोते सारागोसाला गेला होता असे कळताच खरा मुद्दाम बार्सिलोनाची वाट धरतो. एवढ्यावर भागले नाही. अवेयानेदाच्या पुस्तकातले एक पात्र उचलून सर्व्हान्टेस आपल्या कादंबरीत आणतो आणि त्याच्याकडून गावच्या अधिकाऱ्यासमोर लेखी जबानी घेतो, की मी आधी पाहिलेला तो हा नव्हे! मालकी सिद्ध करायला निघालेला लेखक दुसऱ्याचे पात्र बिनदिक्कत पळवतो. या सगळ्या वादातला माझा सर्वांत आवडता प्रसंग हाच.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? एकनाथांनी शके 1506, म्हणजे 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षांत भाविकांनी मधे मधे आपल्या ओव्या घातल्या होत्या, त्या त्यांनी निवडून काढल्या आणि शेवटी बजावले की यापुढे यात कुणी आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल. मूळ ग्रंथावरच्या प्रेमापोटी केलेली भर आणि त्याच प्रेमापोटी ती भर उपटून टाकणे, दोन्ही एकाच परंपरेतले. तुकोबांची तक्रार वेगळी होती. त्यांचे शब्द उचलून आपल्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोला त्यांनी अभंगांत चांगलेच फटकारले आहे. चाहत्यांच्या कथेत हे नेमके उलटे असते. ती दुसऱ्याच्या नावाने जगते आणि मूळ कोणाचे ते पहिल्याच ओळीत सांगते.

इथे एक ठरावीक युक्तिवाद हटकून येतो: मग 'मृत्युंजय' काय, 'ययाति' काय, ही महाभारताची फॅन फिक्शनच नाही का? बचाव म्हणून हे वाक्य सोयीचे आहे, पण आळशी आहे. शिवाजी सावंतांना कर्ण लिहिताना कुणा जिवंत माणसाच्या मनाचा विचार करावा लागला नाही. व्यासांची नोटीस येणार नव्हती. या वादाचा सगळा ताणच मुळी पलीकडे बसलेला जिवंत लेखक आणि त्याचा हक्क यांतून येतो. तो काढून घेतला तर उरतो फक्त परंपरेचा गौरव, आणि त्याला कुणाचाच विरोध नाही.

आज आपण ज्याला फॅन फिक्शन म्हणतो त्याची घडण 'स्टार ट्रेक'पासून झाली. मालिका 1966 मध्ये सुरू झाली आणि 1967 मध्ये 'स्पॉकॅनॅलिया' हे चाहत्यांचे घरगुती नियतकालिक निघाले. आपल्याकडच्या सायक्लोस्टाइल अनियतकालिकांच्या जातकुळीतलेच, फक्त बंडखोरीऐवजी मालिकेतल्या स्पॉक या पात्राच्या कुळाची चर्चा. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याने या मंडळींना दूर लोटले नाही. 1976 मध्ये तर चाहत्यांच्या कथांचा संग्रह बँटम या बड्या प्रकाशकाने काढला आणि त्याला प्रस्तावना रॉडनबेरीची. मधल्या काळात कॅप्टन कर्क आणि स्पॉक यांना प्रेमिक मानून लिहिलेल्या कथा हातोहाती फिरू लागल्या होत्या. त्यावर रॉडनबेरीने 1979 च्या आपल्या कादंबरीत तळटीप दिली, तीही कर्कच्या तोंडी. कर्क त्या अफवेचा उल्लेख करतो आणि मिश्कीलपणे ती टोलवून लावतो. सर्व्हान्टेसनंतर तीनशे चौसष्ट वर्षांनी पुन्हा एका लेखकाने पात्रालाच जबानी द्यायला उभे केले. 'स्टार वॉर्स'वाल्यांचा खाक्या वेगळा होता. लुकासफिल्मने 1981 मध्ये अशा नियतकालिकांना पत्रे धाडली: लिहा, पण आमच्या पात्रांचे कपडे उतरवू नका.

लेखकांच्या मनात खरी धडकी भरवली ती 1992 च्या एका प्रकरणाने. मॅरियन झिमर ब्रॅडली यांची 'डार्कोव्हर' ही काल्पनिक सृष्टी लोकप्रिय होती. त्या चाहत्यांना नुसती परवानगी देऊन थांबल्या नाहीत. 1980 पासून चाहत्यांच्या कथा घेऊन त्यांनी संग्रह संपादित केले, त्यातून काही जणी पुढे व्यावसायिक लेखिका झाल्या. मग एका चाहतीच्या कथेतली कल्पना त्यांना स्वतःच्या कादंबरीत वापरावीशी वाटली. मोबदला आणि श्रेय यांवरून बोलणी फिसकटली. नेमके कोण काय म्हणाले याबद्दल दोन्ही बाजूंचे सांगणे वेगळे आहे. कादंबरी निघालीच नाही आणि ब्रॅडलींनी दार लावून घेतले. तेव्हापासून प्रत्येक एजंट नव्या लेखकाला हा किस्सा सांगतो: चाहत्यांचे वाचू नकोस, उद्या तीच कल्पना तुला सुचली तर चोर तू ठरशील. टेरी प्रॅचेट यांच्यासारख्या दिलदार माणसाचेही सूत्र हेच होते, की खुशाल लिहा, माझ्या डोळ्यांसमोर येऊ देऊ नका.

डोळ्यांसमोर आले की काय होते त्याचे उदाहरण अ‍ॅन राइस. व्हॅम्पायरच्या कादंबऱ्यांच्या या लेखिकेने 2000 मध्ये जाहीर केले की आपल्या पात्रांवर कुणी लिहिलेले आपल्याला चालणार नाही, त्याचा विचारही सहन होत नाही. वकिलांची पत्रे गेली, कथा उतरल्या, लिहिणारे भूमिगत झाले. पुढे बऱ्याच वर्षांनी एका मुलाखतीत त्यांचा सूर निवळलेला दिसतो: न वाचणे अगदी सोपे आहे असे लक्षात आले, तेव्हा जगा आणि जगू द्या. बारा वर्षांच्या रागाचा निचरा एवढ्या साध्या शोधाने झाला.

'आउटलँडर'च्या डायना गॅबलडन यांनी 2010 मध्ये याहून तिखट लिहिले. हे अनैतिक आहे, बेकायदा आहे आणि याने आपल्याला शिसारी येते, असा त्यांचा एकूण रोख. वाचकांनी लगेच आठवण करून दिली की त्यांचा नायक जेमी फ्रेझर त्यांना सुचला तो 'डॉक्टर हू' या मालिकेतल्या जेमी नावाच्या घागरा नेसलेल्या स्कॉटिश तरुणाला पाहून. हे त्यांनीच अनेकदा सांगितलेले. त्यांच्या मदतीला जॉर्ज आर. आर. मार्टिन धावून आले. त्यांचा मुद्दा व्यवहाराचा होता. एडगर राइस बरोज याने टारझनवरचा हक्क जपला आणि तो श्रीमंत झाला, लव्हक्राफ्टने आपली सृष्टी मित्रांना वापरू दिली आणि तो कफल्लक मेला. त्याला जोडून त्यांनी सांगितले की हक्क राखला नाही तर तो जातो. ही शेवटची गोष्ट ट्रेडमार्कच्या बाबतीत बरीचशी खरी, कॉपीराइटच्या बाबतीत नाही. शिवाय लव्हक्राफ्टचे नाव आज घरोघरी आहे ते त्या मित्रांनी त्याची भुते वापरली म्हणूनच, असेही म्हणता येते. पण मार्टिन यांना ढोंगी म्हणणे चूक ठरेल. जॅक व्हान्सच्या सृष्टीवर इतर लेखकांकडून कथा लिहवून घेऊन त्यांनी 2009 मध्ये संग्रह संपादित केला, तो व्हान्सची परवानगी घेऊन. त्यांची रेषा परवानगीची आहे आणि ते ती पाळतात.

'हॅरी पॉटर'च्या लेखिका रोलिंग यांचे धोरण सर्वांत हिशेबी. 2004 मध्ये त्यांच्या वतीने सांगण्यात आले की चाहते लिहितात याचा आनंदच आहे. पैसे कमवू नका, अश्लील लिहू नका आणि माझ्या नावावर खपवू नका. आज हॅरी पॉटरवरच्या कथा लाखांनी आहेत. पण गोष्ट कागदावरून रस्त्यावर आली की मामला वकिलांकडे जातो, आणि याचा धडा मिळाला तो भारतातच. उत्तम घोष यांनी हॅरीला कोलकात्यात आणून बंगाली साहित्यातल्या पात्रांच्या भेटीला नेले, ते पुस्तक 2003 मध्ये प्रकाशकाला मागे घ्यावे लागले. 2007 च्या दुर्गापूजेत कोलकात्याच्याच सॉल्ट लेक भागातल्या एका मंडळाने बांबू आणि कापडाचा हॉगवॉर्ट्स किल्ला उभारला, तर रोलिंग आणि वॉर्नर ब्रदर्स दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि 20 लाख रुपये भरपाई मागितली. न्यायालयाने मंडप पूजेपुरता राहू दिला, पुढे परवानगीशिवाय असे करू नका म्हणून ताकीद दिली. गणपतीच्या देखाव्यात दर वर्षी कुठल्या ना कुठल्या सिनेमाचा सेट उभा करणाऱ्या आपल्या मंडळांनी हा निकाल वाचला असेल असे वाटत नाही.

भारतीय कायदा या बाबतीत लोक समजतात तेवढा आंधळा नाही. 1957 च्या कायद्याच्या कलम 57 नुसार लेखकाला आपल्या कृतीचा विपर्यास रोखता येतो. त्याच आधारावर मन्नू भंडारी 'आपका बंटी'वरच्या चित्रपटाविरुद्ध लढल्या आणि 1986 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. दुसऱ्या टोकाला केरळचा 1996 चा निकाल आहे आणि तो अधिक लक्षपूर्वक वाचावा असा आहे. तोप्पिल भासी यांचे 'तुम्ही मला कम्युनिस्ट केलेत' अशा अर्थाच्या नावाचे नाटक 1952 पासून केरळभर गाजले. सिव्हिक चंद्रन यांनी 1995 मध्ये त्याला उत्तर म्हणून प्रतिनाटक लिहिले. शीर्षकातच प्रश्न होता, तुम्ही कम्युनिस्ट केलेत ते कोणाला? मूळ नाटकातली पात्रे, प्रसंग, संवाद तिथे येतात आणि त्यांना विचारले जाते की ज्यांच्या रक्तावर पक्ष उभा राहिला त्यांचे पुढे काय झाले. भासींच्या पत्नीने दावा लावला. उच्च न्यायालयाने पाहिले ते असे: किती घेतले, कशासाठी घेतले आणि मूळ नाटकाचा प्रेक्षक त्याने पळेल का? टीकेसाठी घेतलेले आहे, सबब प्रयोग होऊ द्या, असा निर्णय झाला. फॅन फिक्शनच्या बाजूने भारतात कधी खटला लढवावा लागलाच तर वकिलाने सुरुवात इथून करावी.

आता बाहेरून रोखलेल्या नजरेकडे वळू. अभ्यासकांपैकी पहिल्या फळीतले लोक घरचेच होते. विज्ञानकथालेखिका जोआना रस यांनी 1985 मध्ये कर्क-स्पॉक कथांवर निबंध लिहिला तेव्हा त्या स्वतः त्या कथांच्या वाचक होत्या आणि ते लपवतही नव्हत्या. 1992 मध्ये हेन्री जेन्किन्स आणि कॅमिल बेकन-स्मिथ यांची पुस्तके एकाच वर्षी आली. जेन्किन्स यांनी आपले हस्तलिखित ज्यांच्यावर लिहिले त्या चाहत्यांना दाखवून त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. नंतर आले ते पाहुणे, आणि सगळ्यांनीच चपला बाहेर काढल्या असे नाही. 2009 मध्ये दोन मेंदूसंशोधकांनी चाहत्यांच्या लैंगिक आवडींबद्दल प्रश्नावली फिरवली. प्रश्न इतके ओबडधोबड आणि निष्कर्ष इतके आधीच ठरलेले वाटत होते की उत्तर देणाऱ्यांनीच त्यांची उलटतपासणी घेतली. संशोधनातली संमती म्हणजे काय यावर त्यांना धडे दिले. 2015 मध्ये बर्कली विद्यापीठात विद्यार्थ्यांनी चालवलेल्या फॅन फिक्शनच्या वर्गात गृहपाठ होता, की कथा वाचा आणि तिथेच अभिप्राय लिहा. जिथे चार ओळखीच्या वाचकांची शाबासकी यायची तिथे अचानक तपासलेल्या वहीसारखे शेरे येऊ लागले. लेखिका गांगरल्या, मग चिडल्या.

'छापले म्हणजे सार्वजनिक झाले, मग तक्रार कसली?' हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. चाळीच्या गॅलरीतले बोलणे चार जण ऐकतात हे बोलणाऱ्याला माहीत असते. तरी ते कुणी टेप करून चौकात लावावे असे त्याने कबूल केलेले नसते. 2008 पासून निघणाऱ्या 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स अँड कल्चर्स' या शोधपत्रिकेने यावर मधला मार्ग काढला: चाहत्याचे लेखन उद्धृत करण्यापूर्वी त्याला विचारावे, अशी शिफारस.

मूठ नेहमी परकाच उघडतो असेही नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये चीनमधला लोकप्रिय नट श्याओ जान याला एका कथेत देहविक्रय करणाऱ्या स्त्रीरूपात रंगवले गेले. चिडलेल्या त्याच्याच चाहत्यांनी सरकारकडे तक्रारी केल्या आणि महिनाअखेरीस 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे चाहत्यांच्या कथांचे जगातले मोठे भांडार चीनमध्ये बंद झाले. मग बाकीचे वाचक त्या नटावर उलटले; तो ज्यांच्या जाहिराती करी त्या कंपन्यांवर बहिष्कार पडला. नटाने स्वतः काही केले नव्हते.

हे भांडार उभे राहिले तेच अशा बंदीच्या भीतीतून. 2007 मध्ये एकीकडे चाहत्यांच्या कथांवर धंदा करू पाहणारी कंपनी आली आणि दुसरीकडे नीतिरक्षकांच्या दबावाने शेकडो खाती एका रात्रीत बंद झाली. कादंबरीकार नेओमी नोव्हिक आणि इतर काही जणींनी ठरवले की जागा आपल्या मालकीची हवी. 2009 मध्ये ते खुले झाले. जाहिराती नाहीत, देणग्या आणि स्वयंसेवकांवर चालते, कथा आज एक कोटीच्या पुढे. 2019 मध्ये त्याला विज्ञानकथाविश्वातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तेव्हा लिहिणाऱ्यांनी गमतीने स्वतःला 'ह्यूगोविजेते' म्हणून बिल्ले काढले, तर पुरस्कारवाल्यांनी ट्रेडमार्कची आठवण करून दिली!

पैशाने केलेली उलथापालथ मात्र सर्वांत मोठी. 'ट्वायलाइट'वरची एक लांबलचक फॅन फिक नावे बदलून 2011 मध्ये 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' म्हणून आली आणि जगभर कोट्यवधी प्रती खपल्या. 'ट्वायलाइट'च्या लेखिका स्टेफनी मायर फारशा रागावल्या नाहीत. रागावल्या त्या जुन्या वाचक, ज्यांनी प्रकरणामागून प्रकरण वाचून सुचवण्या केल्या होत्या, फुकट. 2025 मध्ये तर हॅरी पॉटरमधल्या ड्रेको आणि हर्मायनी यांच्या प्रेमकथांतून उगवलेल्या तीन कादंबऱ्या बड्या प्रकाशकांनी एकाच वर्षी काढल्या, 'अल्केमाइज्ड' ही त्यांतली सर्वांत गाजलेली, आणि तिचे मूळ लपवण्याऐवजी जाहिरातीला वापरले गेले. जी गोष्ट कुजबुजत सांगायची ती मुखपृष्ठावर आली. मला यात लेखकांपेक्षा चाहत्यांच्या गोटाचे नुकसान अधिक दिसते. बक्षिशीची रीत आणि बाजाराचा भाव एकाच ओट्यावर फार दिवस नांदत नाहीत.

आणि आता यंत्रे. कृत्रिम बुद्धिमत्तेला खाद्य म्हणून गोळा होणाऱ्या मजकुरात आपल्या कथा आहेत असे लक्षात आल्यावर भांडाराच्या चालकांनी डिसेंबर 2022 मध्ये त्या उचलू नका अशी सूचना यंत्रणेत घातली. तरी 2025 मध्ये सव्वा कोटीहून अधिक कथांचा गठ्ठा कुणीतरी परस्पर उतरवून इतरांसाठी मांडून ठेवला; तक्रारीनंतर तो काढावा लागला. अनेक लेखिकांनी आपल्या कथा फक्त सदस्यांना दिसतील अशा कुलूपबंद केल्या. आम्हाला कुणी विचारले नाही, आमच्या श्रमावर दुसरा पैसे करणार, आमच्या पात्रांचे काय होईल कोण जाणे: तक्रारीची भाषा ओळखीची आहे. तशीच तक्रार घेऊन सप्टेंबर 2023 मध्ये ऑथर्स गिल्डने न्यूयॉर्कमध्ये ओपनएआयवर दावा लावला, आणि वादींच्या यादीत जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचे नाव आहे.